पटाशीच्या दातांतली फट सिरॅमिक व्हिनीअरने बुजवावी का?

पारिजातक

नमस्कार. माझे वय ३४ असून मी नाशिकजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांत मला कायमचे दात आल्यापासून फट आहे. तशीच फट वडिलांना आहे, आजीलाही होती. आमच्या घरी ती भाग्याची खूण समजली जाते, त्यामुळे मी आठवीत असताना दातांना तारा लावण्याचा विषय निघाला तेव्हा आजीनेच तो मोडून काढला. फटीचा त्रास असा काही नाही. मात्र फळ्यापाशी उभी राहून ‘स’ आणि ‘ष्ट’ असलेले शब्द मोठ्याने म्हणताना बारीक शीळ येते, आणि फोटो काढताना ओठ आपोआप मिटतात, हे मान्य केले पाहिजे.

गेल्या महिन्यात दात स्वच्छ करून घ्यायला गेले असताना डॉक्टरांनी पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवून दातांचे चित्र पडद्यावर उभे केले आणि फट बुजल्यावर मी कशी दिसेन तेही दाखवले. त्यांचे म्हणणे असे की वरच्या चार पुढच्या दातांवर सिरॅमिकची व्हिनीअर, म्हणजे दाताच्या समोरच्या बाजूवर चिकटवायची पातळ आवरणे, बसवावीत, ती संगणकावर आखून यंत्रावर कोरली जातात, दोन-तीन भेटींत काम संपते आणि दात ‘अगदी थोडेसे’ घासावे लागतात. एका दाताचे १४,००० रुपये, म्हणजे एकूण ५६,००० सांगितले आहेत. छापून दिलेल्या कागदावर मधला प्रत्येक दात ८.४ मिमी रुंद, १०.२ मिमी लांब आणि फट १.८ मिमी अशी मापे आहेत.

माझ्या शंका अशा. फट दोन दातांत असताना व्हिनीअर चार दातांना का? निरोगी दात घासणे शहाणपणाचे आहे का, कारण घासलेला भाग परत येत नाही एवढे मलाही कळते. आणि मावसबहीण म्हणते की हेच काम कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे फिलिंगचे रसायन, लावून पाव खर्चात एका बैठकीत होते. तसे असेल तर सिरॅमिकच्या वाटेला जावेच कशाला? ज्यांना यातले कळते किंवा ज्यांनी हे करून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दंतकथा

पारिजातक, मी गेली १७ वर्षे पुण्यात कृत्रिम दंतोपचाराचा, म्हणजे कॅप, कवळ्या आणि व्हिनीअरचा, व्यवसाय करतो. तुमचे तोंड मी पाहिलेले नाही, तेव्हा हे निदान नव्हे; तुमच्या डॉक्टरांना काय विचारावे एवढेच यातून कळावे.

पडद्यावरच्या चित्रात फट ‘नाहीशी’ होते ते एका क्षणात, आणि तिथेच रुग्णाची फसगत होते. फट नाहीशी होत नसते. ती दातांच्या रुंदीत जमा होते आणि ती रुंदी कुठे लपवायची हाच या कामातला खरा प्रश्न असतो. तुमचीच मापे घ्या. आज दाताची रुंदी लांबीच्या साधारण ८२ टक्के आहे. मधला दात ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असला की डोळ्याला बरा दिसतो. आता फक्त दोनच दातांवर काम करायचे ठरवले, तर १.८ मिमीची फट प्रत्येकी ०.९ वाटली जाईल, दात ९.३ मिमी रुंद होईल आणि प्रमाण ९१ टक्क्यांवर पोचेल. असे दात समोरून जवळजवळ चौकोनी दिसतात. चार दात घेतले की मधल्या दाताची बाहेरची बाजू ०.३ मिमी आत घेता येते आणि तेवढी जागा शेजारच्या दाताला देता येते. त्यासोबत लांबी १०.९ मिमीपर्यंत नेता आली, तर ९.० भागिले १०.९ म्हणजे पुन्हा ८३ टक्के. तेव्हा चार दात सुचवणे म्हणजे बिल वाढवणे असे निदान या मापांवरून तरी मी म्हणणार नाही. अर्थात लांबी मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. खालचे दात कुठे आपटतात आणि बोलताना कड खालच्या ओठाला कुठे टेकते यावर ते अवलंबून असते.

त्याआधी फट का आहे हे पाहिले गेले का, ते विचारा. वरचा ओठ उचलून पुढे ओढला असता दोन दातांमधली हिरडी पांढुरकी पडत असेल, तर ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा खूप खालपर्यंत उतरलेला असण्याची शक्यता असते. कधी दोन मुळांच्या मध्ये हाडात एक जादा दात दडलेला असतो. तो एक्स-रेशिवाय कळत नाही. बोलताना किंवा गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय असेल, तर तीही ध्यानात घ्यावी लागते. फट अलीकडे रुंदावत चालली असेल, तर गोष्ट निराळीच: हिरडीच्या आजाराने हाड झिजून दात सरकू लागलेले असू शकतात, आणि अशा दातांवर व्हिनीअर बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय. तुमच्या घरात तीन पिढ्या फट आहे आणि ती बदललेली नाही, हे त्या मानाने आश्वासक आहे.

दुसरी गोष्ट हिरडीची. फट बुजवली तरी दोन दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक काळा त्रिकोण उरतो अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. याचे माप ठरलेले आहे. टार्नो या दंतसंशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले की दोन दात एकमेकांना जिथे टेकतात तिथपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिमी किंवा कमी असेल, तर मधली हिरडी ती जागा जवळजवळ नेहमीच भरते. ६ मिमी झाले की निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, आणि ७ मिमीला जेमतेम चतुर्थांश ठिकाणी. म्हणून दात टेकण्याची जागा हिरडीकडे खेचून लांबट करावी लागते आणि व्हिनीअरची बाजू हिरडीच्या किंचित आतून, हळूहळू फुगत यावी लागते. नुसत्या कडा एकमेकींना भिडवून चालत नाही.

घासण्याविषयी तुमची भीती रास्त आहे, पण फट बुजवण्याच्या कामात आपण मुख्यतः भर घालत असतो, त्यामुळे इतर व्हिनीअरपेक्षा इथे घासणे कमी लागते. समोरून ०.३ ते ०.५ मिमी पुरते. दंतवल्क, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, हिरडीजवळ मुळातच पातळ असते. तिथे जास्त घासले की आतला पिवळसर भाग उघडा पडतो आणि सिरॅमिकची पकड दंतवल्कावर जशी बसते तशी त्या भागावर बसत नाही. ‘अजिबात न घासता’ करून देतो असे सांगणारेही भेटतील. काही तोंडांत ते उत्तम जमते, काहींत हिरडीजवळ पायरी राहते आणि दात फुगीर दिसतो. ‘थोडेसे’ म्हणजे किती मिलिमीटर आणि कुठे, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

कंपोझिटबद्दल मावसबहिणीचे म्हणणे खोटे नाही. बहुधा दात घासावा लागत नाही, एका बैठकीत होते, तुटले तर तिथल्या तिथे जोडता येते. पण त्याची चकाकी जाते, आणि आपल्या जेवणातली हळद कंपोझिटला जशी चढते तशी चकाकी दिलेल्या सिरॅमिकला चढत नाही. काही वर्षांनी घासून, चकाकी देऊन, क्वचित बदलून घ्यायची तयारी असेल तर १.८ मिमीसाठी कंपोझिट हा कमीपणाचा पर्याय नव्हे. दंतवल्कावर नीट चिकटवलेली सिरॅमिक व्हिनीअर बहुतांशी १० वर्षांपलीकडे टिकतात, मात्र ती आयुष्यभराची नसतात आणि एकदा दात घासला की पुढेही त्यावर काहीतरी लावावेच लागते.

खर्च जड वाटत असेल तर मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतविभाग आहेत. तिथे फेऱ्या जास्त पडतात, पैसे कमी.

भट्टीवाला

डॉक्टरांनी तोंडातली बाजू मांडली, मी प्रयोगशाळेतली मांडतो. मी कोल्हापुरात दंत-तंत्रज्ञ आहे आणि दिवसभर माझ्यासमोर दोनच गोष्टी असतात, पडदा आणि भट्टी.

‘यंत्रावर केलेले’ म्हटले की लोकांना वाटते की बटण दाबले आणि दात बाहेर आला. यंत्र नवे नाही. झुरिक विद्यापीठात म्योरमान यांनी संगणकावर कोरलेले पहिले सिरॅमिक फिलिंग रुग्णाच्या तोंडात बसवले ते १९८५ साली. पण पडद्यावर फट बुजवताना संगणकाला मोकळे सोडले, तर तो दोन दातांच्या बाजू सरळ भिंतीसारख्या खाली आणून मोकळा होतो. वर डॉक्टरांनी जो हिरडीतून येणारा फुगवटा सांगितला तो माणसाला माऊस धरून ओढावा लागतो. तसेच व्हिनीअर फटीच्या बाजूने थोडे मागे, टाळूकडे वळवून घ्यावे लागते. नाहीतर समोरून सगळे छान दिसते आणि मागे जिभेला पायरी लागत राहते. जीभ अशा गोष्टीला कधी माफ करत नाही.

लिथियम डायसिलिकेटचा, म्हणजे अशा व्हिनीअरसाठी वापरतात त्या सिरॅमिकचा, ठोकळा यंत्रात लावतात तेव्हा तो दाताच्या रंगाचा नसतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा तो निळा-जांभळा असतो, कारण त्या अवस्थेत तो अर्धाच स्फटिकलेला आणि कोरायला मऊ असतो. पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याची बारीक टोके त्यातून एक दात साधारण १० ते १५ मिनिटांत काढतात. मग तो भट्टीत ८४० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि बाहेर येतो तो पांढुरका होऊन, कितीतरी अधिक मजबूत होऊन. रोज पाहतो तरी भट्टीचे झाकण उघडताना मी अजून वाकून बघतो.

यंत्राची एक मर्यादा अशी की टोक जेवढे जाड, त्याहून बारीक खाच त्याला कोरता येत नाही, आणि कागदासारखी पातळ कड कोरायला गेले की तिचे टवके उडतात. म्हणून आम्ही कड मुद्दाम थोडी जाड ठेवतो आणि नंतर रबराच्या चाकावर, भिंगाखाली, हाताने पातळ करतो. हे काम घाईत झाले की कड जाड राहते आणि तिथे हिरडी सुजते. दाताच्या टोकाशी जी निळसर पारदर्शक झाक असते तीसुद्धा एकरंगी ठोकळ्यात येत नाही; त्यासाठी पुढचा थर थोडा काढून वर हाताने सिरॅमिक चढवावे लागते किंवा निदान रंग भरून भाजावे लागते. तुमच्या १४,००० मध्ये यातले काय धरले आहे ते विचारून घ्या.

रंगाविषयी एक सूचना. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात वाळतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसू लागतो. म्हणून रंग जुळवायचा तो भेटीच्या सुरुवातीलाच, रंगपट्टी दाताशेजारी धरून फोटो काढून. स्कॅन संपल्यावर शेवटी घाईघाईने घेतलेल्या रंगामुळे आमच्याकडे काम परत येते. दात उजळवून घ्यायचे मनात असेल तर तेही आधीच करा आणि चिकटवण्यापूर्वी दोनेक आठवडे जाऊ द्या. सिरॅमिक नंतर उजळत नाही.

आणि स्कॅनची फाइल स्वतःकडे मागून ठेवा. उद्या एखादे व्हिनीअर फुटले तर तेच पुन्हा कोरणे सोपे जाते.

रानवाट

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. २०२१ मध्ये मी याच कारणासाठी दोन दातांना व्हिनीअर लावून घेतली. दवाखान्याचे नाव इथे लिहिण्यात अर्थ नाही. संगणकावरचे चित्र मलाही दाखवले होते आणि मी त्यावर भाळले. तोंडात आधी काही लावून पाहायचे असते हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

दात बसले त्या दिवशी आरशात पाहिले तेव्हा फट गेली होती, पण तिच्या जागी मला शाळेतल्या दोन पाट्या शेजारी शेजारी टांगल्यासारख्या दिसल्या. वर ‘दंतकथा’ यांनी केलेला हिशेब वाचला तेव्हा माझ्या पाट्यांचा उलगडा झाला. हिरडीपाशी बारीक त्रिकोणी भोक राहिले, त्यात खोबऱ्याचा कीस नेमका अडके. धागा घालून काढू गेले की धागा कडेला फाटून त्याचे तंतू तिथेच राहत. तीन महिन्यांत ती हिरडी ब्रश लागताच रक्त काढू लागली.

दुसऱ्या वर्षी पेरू खाताना उजवीकडचे व्हिनीअर अख्खेच निघून फोडीला चिकटून आले. मी ते धुऊन कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ते उजेडात धरले, मग माझा दात पाहिला, आणि म्हणाले की चिकटवायचा पदार्थ सगळाच्या सगळा दातावर राहिला आहे, व्हिनीअरची आतली बाजू मात्र कोरी गुळगुळीत आहे. याचा अर्थ दाताची तयारी नीट झाली होती, सिरॅमिकची झाली नव्हती. आतली बाजू आम्लाने खरखरीत करून तिच्यावर आणखी एक द्रव लावायचा असतो आणि मगच ती पकड घेते, असे त्यांच्याकडून प्रथमच कळले.

पुढे हिरडी बरी करून, तोंडात आधी तात्पुरते दात लावून पाहून, चार दातांचे काम पुन्हा केले. आता ठीक आहे. पैसे दोनदा गेले. पारिजातक, पडद्यावरच्या चित्राला ‘हो’ म्हणू नका, तोंडात लावून पाहिल्यावरच म्हणा.

पारिजातक

सर्वांचे मनापासून आभार. इतके बारकाईने कोणी लिहील असे वाटले नव्हते. दोन गोष्टी विचारते. तोंडात आधी लावून पाहणे म्हणजे नेमके काय करतात? आणि दात मुळीच न घासता, तारा किंवा पारदर्शक साचे वापरून फट मिटवणे या वयात शक्य आहे का?

दंतकथा

पहिले सोपे आहे. संगणकावर आखलेल्या दातांची प्रतिकृती छापतात, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा घेतात, त्यात दाताच्या रंगाचे तात्पुरते रसायन भरून तो तुमच्या न घासलेल्या दातांवर काही मिनिटे दाबून धरतात. साचा काढला की नवे दात तोंडात दिसतात आणि नंतर ते सहज काढता येतात. ते लावून घाईने आरशात पाहून उठू नका. एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. त्यातले ‘ष्ट’ तुमच्या शिळेची खरी परीक्षा घेतील. ‘व्यवहार’, ‘विव्हळणे’ असे शब्द म्हणून कड ओठाला टोचते का पाहा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: यात भर घातलेली दिसते, काढलेले दिसत नाही. त्यामुळे मधल्या दातांची बाहेरची बाजू आत घेण्याचा जो भाग मी सांगितला, तो यात थोडा रुंदच दिसेल.

दुसऱ्याचे उत्तर होय असे आहे, वय आड येत नाही. पण दोन मधले दात जवळ आणले की तीच जागा त्यांच्या पलीकडे उघडते. सगळे पुढचे दात मागे घेऊन ती मिटवायची तर खालच्या दातांनी तेवढी वाट द्यायला हवी. चावा खोल असेल, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांना फार झाकत असतील, तर ती मिळत नाही. शिवाय अशी फट पुन्हा उघडण्याची खोड असते, म्हणून दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून ठेवावी लागते. तरीही एकदा दंतव्यंगोपचार तज्ज्ञाला दाखवून मग ठरवा, कारण तारांनंतर व्हिनीअर करता येतात. व्हिनीअरनंतर तारा लावणे अवघड होऊन बसते.

पारिजातक

कळवायचे राहिले होते. दंतव्यंगोपचार तज्ज्ञांना दाखवले. माझा चावा खोल असल्यामुळे तारांनी मिटवलेली फट टिकण्याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी सांगितले. एक्स-रेमध्ये जादा दात नाही, ओठाचा पडदाही आड येणारा नाही.

काल माझ्या डॉक्टरांकडे तोंडात तात्पुरते दात लावून पाहिले. घासणे किती असे विचारल्यावर त्यांनी कागदावर दात काढून समोर ०.३ आणि कडेला ०.५ असे आकडे लिहून दिले, आणि त्रासिक चेहरा वगैरे केला नाही. त्रेसष्टला शीळ आली नाही, पण ‘व्यवहार’ म्हणताना कड ओठाला लागली, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे ती थोडी कमी केली आणि तेवढाच फरक संगणकावरही नोंदवला. वाढवायची लांबी आता ०.७ ऐवजी ०.५ मिमी झाली आहे. ९.० भागिले १०.७, म्हणजे ८४ टक्के. हा भागाकार मी दवाखान्यातच करून पाहिला.

साचा काढताना मधल्या हिरडीतून थोडे रक्त आले. ते पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा स्कॅन करायचा नाही असे त्यांनी ठरवल्यामुळे पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे, आणि तोवर रोज रात्री धागा घालायला सांगितले आहे.